मागील बाजू मळकी

मंगळवार, ४

आज कप्तानसाहेब माझ्या टेबलावर आले. म्हणजे त्यांची वही आली. चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याला लागलेलं पहिलं परकं जहाज, त्याच्या कप्तानाची ही रोजनिशी. एकशे बारा पानं, चामड्याची बांधणी, आणि वास असा की शिंक आल्याशिवाय राहत नाही. दफ्तरखान्यात कागद दुरुस्त करायला लागून मला एकवीस वर्षं झाली. फाटकं, कुजकं, वाळवीने चाळण केलेलं असं काय काय या हातांखालून गेलं. पण आज खोका उघडला आणि मी उगाचच खुर्चीवरून उठून उभी राहिले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

बाईंनी बजावलंय, "प्रदर्शन पंचवीस तारखेला. पानं स्वच्छ, सपाट आणि बांधून तयार हवीत." बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. वयाने माझ्याहून लहान, पण दटावायला लागल्या की मी शाळेतली होते.

जोडीला भिंगवाले आहेत. त्यांचं खरं नाव आता हजेरीपटालाही आठवत नसेल. ती जुनी परकी लिपी वाचणारा सगळ्या इमारतीत हा एकच माणूस, म्हणून निवृत्त झाल्यावरही बोलावून घेतात. मी पान साफ करायचं, त्यांनी भिंग लावून वाचायचं आणि आपल्या भाषेत मोठ्याने सांगायचं. आजची पहिली ओळ अशी होती: "जमीन दिसली. सगळे गुडघ्यांवर बसले. इथलं पाणी गोड असेल तर मी इथे मरायलाही तयार आहे."

मी ब्रश खाली ठेवला. मग भिंगवाले म्हणाले, "मेला नाही हो लेकाचा. पुढे एकशे अकरा पानं लिहिलीत."

घरी आले तर टेबलावर परत चहा. बाबांना झटका येऊन दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले दोन शब्द, "हं" आणि "नको". चाळीस वर्षं बंदरात पायलट होते. बाहेरून आलेल्या जहाजावर चढायचं, कप्तानाशेजारी उभं राहायचं आणि खाडीच्या तोंडातून जहाज सुखरूप आत आणायचं. आजोबाही तेच करायचे, पणजोबाही तेच. आता डाव्या हाताचं बोट बशीत बुडवून टेबलभर रेघोट्या ओढत बसतात. अगदी लहान मूल झालंय त्यांचं. मी फडकं फिरवलं की "नको, नको" करून रागावतात, आणि मग जेवत नाहीत.

वहिनी म्हणते, "वन्संबाई, तुझा हात कसला, फडकंच आहे ते. दिसला डाग की पूस." म्हणू दे. घर कुणामुळे चकचकीत आहे ते तिलाही ठाऊक आहे. दादा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने घरात आम्ही तिघंच.

बुधवार, ५

आज पंधरा पानं झाली. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढायची, मग रबराचा बारीक चुरा पानावर टाकून बोटांनी हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. चुरा काळा पडला की झटकायचा, परत नवा टाकायचा. कंटाळवाणं काम म्हणतात लोक. मला तर खालून पांढरा कागद वर यायला लागला की पोटात गोड वाटतं.

भिंगवाल्यांनी वाचलं: "ते सहा होड्यांतून आले. जहाजाच्या लाकडाला हात लावून त्यांनी हाताचा वास घेतला. मग आमच्या हातांचा वास घेतला. एवढं मोठं झाड कुठे उगवतं, असं विचारत असावेत. मीही एकाच्या हाताचा वास घेतला. धूर आणि मासळी. माझ्या वडिलांच्या हाताला असाच वास यायचा."

मी काम थांबवून ऐकत बसले. एकमेकांचं अक्षर कळत नाही, शब्द कळत नाही, आणि दोन माणसं समोरासमोर उभी राहून हात हुंगताहेत.

पुढे आणखी एक गंमत. "एक म्हातारा न बोलावता वर चढला. कुणाशी काही न बोलता सरळ सुकाणूपाशी जाऊन माझ्या शेजारी उभा राहिला." भिंगवाले म्हणाले, "आगाऊच दिसतोय." मी म्हटलं, प्रत्येक गावात असतो एक असा.

शुक्रवार, ७

आज स्वतःवरच खूश आहे. पान एकेचाळीस. जुन्या नोंदवहीत माझ्या आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय, "मागील बाजू मळकी." मळकी कसली, चूल सारवायला घेतल्यासारखी काळी! कप्तान कागदाच्या एकाच बाजूला लिहितो, पाठी सगळ्या कोऱ्या. दिवसभर घासत होते. दोन डबे चुरा लागला. अर्धी बाजू झाली आणि बघितलं तर काय लख्ख निघाली! भिंगवाले आज आले नव्हते, नाहीतर त्यांनाही दाखवली असती. उरलेली सोमवारी.

रीतीप्रमाणे हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा असतो. पण कोऱ्या बाजूचा फोटो कोण काढतं? एकवीस वर्षांत मी काढला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

बाबांनी आज ताटातल्या पाण्यानेही रेघा ओढल्या. मी पुसल्या.

सोमवार, १०

हे कसं लिहू. लिहिते.

सकाळी भिंगवाल्यांनी बेचाळिसावं पान घेतलं. मी शेजारी एकेचाळीसची उरलेली बाजू घासायला चुऱ्याचा डबा उघडत होते. ते वाचायला लागले:

"म्हातारा कागदाला शिवत नव्हता. आज मी त्याला खुणांनी सांगितलं, आत-बाहेर करायची वाट काढून दे, म्हणजे तुला किनाऱ्यावर सोडतो. तो बराच वेळ बसून राहिला. मग त्याने चुलीतला कोळसा मागितला आणि माझ्या कालच्या पानाच्या पाठीवर सगळी खाडी काढली, तोंडापासून ते आतल्या गोड्या पाण्यापर्यंत. काढून झाल्यावर दाराकडे तोंड करून बसला."

भिंगवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो, कळतंय का तुम्हाला? कप्तान मायदेशी जाऊन छापलेल्या पुस्तकात लिहितो, वाट मी शोधली. आणि इथे त्या माणसाच्या हातचा नकाशा! इकडच्या माणसाच्या हातची चारशे वर्षांपूर्वीची एक रेघ कुणाकडे नाही, एकसुद्धा! कालचं पान म्हणजे एकेचाळीस. दाखवा, दाखवा पटकन!"

मी म्हणाले, "दाबाखाली सपाट करायला ठेवलंय." पान माझ्या कोपराखाली होतं.

ते चहाला गेल्यावर मी बॅटरी आडवी धरून पाहिलं. जो भाग घासायचा राहिला होता त्यात मळ नव्हताच. रेघा होत्या. खाडीचा आतला भाग, वळणं, वळणांच्या आत बारीक लाटांसारख्या ओळी, पाणी कुठून कुठे ओढतं ते. आणि कडेला तीन बोटांचे ठसे. कागद हलू नये म्हणून त्याने डाव्या हाताने दाबून धरला असणार. कातडीच्या रेषा न् रेषा दिसत होत्या. आत्ता उठून गेला असावा इतका तो माणूस माझ्याजवळ होता.

उजव्या अर्ध्यात, खाडीच्या तोंडाशी, काही नाही. लख्ख.

कचऱ्याचा डबा शुक्रवारीच रिकामा झालाय. मी खाली जाऊन तरी पाहून आले.

मंगळवार, ११

रजा टाकली. वहिनीला सांगितलं डोकं दुखतंय.

वाळवीने खाल्लं नाही, दमट हवेने खाल्लं नाही, समुद्र ओलांडून गेलं आणि परत आलं. शेवटी खाल्लं ते मी. आणि वर स्वतःवर खूश होते.

बुधवार, १२

गेले. गप्पच राहिले. उरलेल्या अर्ध्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, चोरासारखा. भिंगवाले दर तासाला विचारतात, "सपाट झालं का?" त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

त्रेचाळिसावं पान वाचलं त्यांनी: "आधीचे तीन दिवस म्हातारा माझ्या पेल्यात बोट बुडवून टेबलावर पाण्याने वाट काढायचा. माझा नोकर पुसायला गेला तर त्याने त्याचं मनगट धरलं. पाणी आपोआप वाळेपर्यंत आम्हा सगळ्यांना तसंच उभं ठेवलं. मग तो हसला."

भिंगवाले म्हणाले, "काय हो, पांढऱ्याफटक पडलात?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. बाईंना विचारलंसुद्धा नाही.

घरी बाबा टेबलाशी होते. समोर रेघा. वहिनी बाथरूममध्ये होती, फडकं माझ्याच हाताशी. मी दोन वर्षांत पहिल्यांदा त्या रेघांकडे पाहिलं. लांब वळण, छोटं वळण, मग मागे वळणारा आकडा, आकड्याच्या पोटात बारीक ओळी. मोबाइलमधला फोटो काढून शेजारी ठेवला. तेच. अगदी तेच. मी तशीच त्यांच्याशेजारी बसले.

बाबांनी फोटोकडे पाहिलं. बोटाने तो मोठा करायचा असतो हे त्यांना माहीत नाही, मी करून दिला. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग डाव्या हाताची तीन बोटं त्या तीन ठशांवर ठेवली, एक एक करून, जपून. नंतर बोट बशीत बुडवलं आणि मोबाइलची कड जिथे संपते, तिथून पुढे टेबलावर रेघ ओढत गेले. थांबले नाहीत, अडखळले नाहीत. खाडीचं तोंड, दोन ठिपके, ठिपक्यांमधून निघालेली एक तिरकी वाट, आणि ती उघड्या समुद्रात सोडून दिली. मी जे पुसलं ते सगळं.

वहिनी दारात येऊन उभी होती. "काय झालं गं? रडतेस का?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं.

गुरुवार, १३

दादाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं.

मग म्हणाला, "अगं, ती आपल्या घरातली वाट आहे. आजोबांनी बाबांना टेबलावर शिकवली, बाबांनी मला. पाण्याने काढायची आणि पुसायची नाही, आपोआप वाळू द्यायची. कागदावर तर कधीच नाही. बाबा म्हणायचे, कागद दुसऱ्याच्या हातात जातो, पाणी जात नाही."

"मला कसं माहीत नाही हे?"

"तू मुलगी ना. तुला कोण शिकवणार होतं?"

मी विचारलं, बंदराच्या नकाशात ही वाट असेलच की? तर हसला. "ते दोन ठिपके म्हणजे तोंडावरचे खडक. नवा धक्का बांधला तेव्हा सुरुंग लावून उडवले, मी शाळेत होतो. खडक गेले तसं पाण्याचं वळणही गेलं. ती वाट आता समुद्रातसुद्धा नाही."

"तुला तरी येते ना?"

"अर्धवट. तेव्हा मन खेळण्यात असायचं गं. झटका यायच्या आधी बाबा म्हणालेही होते, एकदा बस माझ्यासमोर. जहाज सुटायचं होतं. नंतर सुट्टीत यायचो तेव्हा टेबल कायम पुसलेलंच असायचं."

म्हणजे दोन वर्षं बाबा वेळ घालवायला रेघोट्या ओढत नव्हते. दादा कधी समोर बसतो याचीच वाट बघत असणार बिचारे.

शनिवार, १५

आज माझ्या हातून जे झालं ते मला आवडलेलं नाही, पण इथे खोटं लिहून काय मिळवायचंय.

आरपार दिसणारा कागद आणला होता. विचार सरळ होता. बाबांनी काढायचं, मी वरून गिरवायचं, गेलेला अर्धा भाग नकाशाशेजारी लावायचा आणि मगच बाईंना तोंड दाखवायचं. बाबांनी वाट काढली. मी कागद वर धरला. "नको."

"बाबा, फक्त गिरवते."

"नको." डाव्या हाताने कागद ढकलून दिला.

मी हात जोडले. म्हटलं, माझी नोकरी जाईल. म्हटलं, ज्या माणसाने हे काढलं त्याचं जगात एवढंच उरलंय, ते मी घालवलंय, मला ते परत द्यायचंय. बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. "नको." मग माझा तोल गेला. "खडक नाहीत, वाट नाही, कुणासाठी जपून ठेवलंय एवढं?" असं ओरडले, आणि रागाच्या भरात फडकं घेऊन सगळं पुसून टाकलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

वहिनी मला आत घेऊन गेली. म्हणाली, "अगं, मोबाइलने काढ की गुपचूप. त्यांना काय कळणार आहे?"

दुपारी त्यांनी परत बशी ओढली. मी मागून मोबाइल उचलला. बोट बटणावर होतं. आणि काल भिंगवाल्यांनी वाचलेलं चव्वेचाळिसावं पान आठवलं. दोनच ओळी होत्या: "वारा चांगला पडला. म्हाताऱ्याला पोचवायला होडी उतरवली असती तर अर्धा दिवस गेला असता. निघालो."

त्यानंतरच्या पानांत म्हाताऱ्याचा उल्लेख नाही. भिंगवाल्यांनी शेवटपर्यंत शोधलं.

मोबाइल खिशात ठेवून दिला.

सोमवार, १७

बाईंच्या खोलीत पान घेऊन गेले. भिंगवाल्यांनाही बोलावलं. जे झालं ते सांगितलं, आडपडदा न ठेवता. दाबाखाली ठेवलंय म्हणाले ते खोटं होतं, हेही.

भिंगवाले खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. बाई ओरडतील असं वाटलं होतं. बॅटरी घेऊन त्यांनी स्वतः पान पाहिलं. ठशांपाशी आल्या आणि थांबल्या. कितीतरी वेळ तशाच वाकून. मग हळूच म्हणाल्या, "बापरे. माणूस आहे की हा."

"पुसण्याआधीचा फोटो?"

"नाही."

"कोऱ्या बाजूचा फोटो मीही कधी मागितला नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "तुमचे वडील काढून देतील का? शेजारी लावता येईल."

मी बाबांचं सांगितलं. कागदावर ते काढणार नाहीत, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग टेबलावरच्या चहाला मी पुरावा कसं म्हणू?" बरोबरच आहे त्यांचं.

वही माझ्याकडून काढून घेतली आहे. पुढची पानं दुसरं कुणीतरी करेल. ताकीद लेखी मिळेल. पण एकेचाळिसावं पान प्रदर्शनात पाठीकडून ठेवायचं ठरलंय, सगळ्यात पुढे, जसं आहे तसं अर्धं. बाईंनी विचारलं, "या रिकाम्या भागाखाली पाटीवर काय लिहू?"

मी म्हटलं, "इथे रेघा होत्या, मळ समजून आम्ही पुसल्या, असं लिहा."

भिंगवाल्यांनी दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं, आता बोलणारही नाहीत.

नोंदवही मागे-पुढे चाळून पाहिली. "मागील बाजू मळकी" असं लिहिलेली या इमारतीत तीनशे सोळा पानं आहेत. त्यातली किती मी साफ केली, ते मोजायची आज हिंमत झाली नाही.

रविवार, २३

सकाळी चहा घेऊन बाबांच्या समोर बसले. कागद नाही, मोबाइल नाही. दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले, त्यांना दिसावेत म्हणून.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझं मनगट धरलं, माझं बोट स्वतःच्या बशीत बुडवलं आणि टेबलावर टेकवलं.

मला वाटलं, दादा समजून धरलंय. "बाबा, मी आहे," म्हटलं.

"हं," म्हणाले. आणि सोडलं नाही.

लांब वळण मी बरं काढलं. छोटं वळण चुकलं. "नको." परत बशी. परत चुकलं. "नको." वहिनी आतून म्हणाली, "वन्संबाई, नापास झालीस वाटतं!" आठव्या की नवव्या वेळी आकडा जमला. तोंडाशी आल्यावर त्यांनी हात काढून घेतला. आता मी एकटी. दोन खडक ठेवले. त्यांच्यामधून तिरकी निघाले, डावीकडचं पाणी ओढतं म्हणून थोडी उजवीकडे दबून, आणि वाट उघड्या समुद्रात सोडली.

बाबा बघत होते. बराच वेळ.

"हं."

दोन वर्षांत त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं.

वहिनी कपबशा उचलायला आली आणि सवयीने तिने फडकं टेबलाकडे नेलं. मी तिचं मनगट धरलं. "अगं, काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, थांब, वाळू दे.

मग ती पण बसली. वाळायला खूप वेळ लागला. खाडीचं आतलं टोक आधी गेलं, मग वळणं, आणि शेवटी ते दोन खडक. तोपर्यंत कुणी उठलं नाही.